टॉर्च खाली धर

वैजयंतीबाई देशमाने निवृत्त झाल्या त्याला चार वर्षं झाली, आणि या चार वर्षांत त्यांचे एकशे बारा शोधलेख छापून आले. बाईंनी त्यातली एक ओळ लिहिली असेल तर शपथ! या चार वर्षांत त्यांनी गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं, साताऱ्याच्या घराच्या गच्चीवर कढीपत्ता आणि गवती चहा लावला, नाशिकला लेकीकडे दोन दिवाळ्या केल्या, आणि आभाळ निरभ्र असेल त्या पहाटे गच्चीवरच्या छोट्या दुर्बिणीला डोळा लावला. लेख लिहीत होती ती दुसरी.

दुसरीची हकिगत अशी. नभोमंडळ संशोधन संस्थेत बाईंचा निरोपसमारंभ झाला, तेव्हा त्यांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि त्याच दमात संस्थेचे नवे संचालक डॉ. समाधान लोखंडे यांनी एक टॅबलेट पुढे केला. समाधान हा बाईंचाच विद्यार्थी, बार्शीकडचा, मनाने निर्मळ आणि कायम घाईत. "मॅडम, तेवढी एक सही इथं," तो म्हणाला. एका हातात नारळ, शाल घसरतेय, समोर भरलेलं सभागृह आणि बाहेरून बटाटेवड्यांचा वास. अशा वेळी करार कोण वाचतं? दुसऱ्यांच्या लेखातला स्वल्पविरामसुद्धा न सोडणाऱ्या या बाई बोटाने सही करून मोकळ्या झाल्या.

त्या सहीने संस्थेला बाईंचा 'प्रतिलेखक' तयार करायची मुभा मिळाली. प्रतिलेखक म्हणजे हातापायांचा यंत्रमानव वगैरे काही नसतो. त्याला बाईंचे तीस वर्षांतले सगळे लेख वाचायला दिले, खोडलेले कच्चे मसुदे दिले, विद्यार्थ्यांना पाठवलेल्या मेल दिल्या, आणि दुसऱ्यांचे लेख तपासताना बाईंनी मारलेले शेरेही दिले. एवढ्यावरून यंत्र एकच गोष्ट शिकतं: अमुक माहिती पुढे आली तर ही व्यक्ती काय म्हणेल. मग जगभरच्या दुर्बिणींतून रोज येणारा माहितीचा लोंढा त्याच्यापुढे सोडायचा. बाई वर्षाला चार लेख लिहायच्या, हे महिन्याला दोन-तीन काढायचं. वर नाव बाईंचंच. नावापुढे बारीक अक्षरात 'प्र' अशी खूण असायची, पण तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नसे.

संस्थेला हे हवं होतं ते प्रभावांकासाठी. एखाद्याच्या लेखाचा आधार किती जणांनी घेतला ते मोजायचं, त्या लोकांचा आधार पुढे आणखी किती जणांनी घेतला तेही मोजायचं, आणि या सगळ्या आधारसाखळीतून एक आकडा काढायचा. त्या आकड्यावर संस्थेला निधी, तरुण पोरांना नोकऱ्या आणि मोठ्या दुर्बिणींचा वेळ मिळायचा. संस्थेच्या प्रभावांकातला जवळजवळ निम्मा वाटा आता 'वैजयंती देशमाने' या एका नावाचा होता.

बाईंना सुरुवातीला याची गंमतच वाटली. त्या तिला 'माझी सवत' म्हणायच्या. "बरी आहे गं, तिचे गुडघे दुखत नाहीत," असं फोनवर लेकीला सांगून खळखळून हसायच्या. सवतीचा एखादा लेख वाचून "हे मी जरा बरं लिहिलं असतं" म्हणायच्या आणि गवती चहाला पाणी घालायला उठायच्या. गंमत संपली ती त्या ऑक्टोबरात.

सारथी तारकासमूहात एक पिवळट तारा आहे. यादीतलं त्याचं नाव म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची खिचडी. देशमान्यांच्या घरात त्याला 'माहेरवाशीण' म्हणत. हे नाव शिरीषने ठेवलेलं. शिरीष म्हणजे बाईंचा नवरा, वाईच्या शाळेत गणित शिकवायचा. तेवीस वर्षांतून एकदा हा तारा काही महिने मंदावतो, निम्म्यावर येतो, आणि पुन्हा पहिल्यासारखा होतो. "तेवीस वर्षांनी एकदा माहेरपणाला जाते बिचारी," शिरीष म्हणायचा, "सासू चांगलीच खमकी असणार!" तेव्हापासून तो तारा त्यांच्या घरात 'ती' झाला.

ती मंदावते कारण तिला एक न दिसणारा जोडीदार आहे. धुळीच्या अवाढव्य तबकडीत गुरफटलेला असल्यामुळे तो दिसत नाही. दर तेवीस वर्षांनी ती तबकडी आपल्या आणि ताऱ्याच्या मधून सरकते, दिव्यापुढून ताट सरकवावं तशी, आणि उजेड अडतो. मागच्या खेपेला वैजयंतीबाई आणि शिरीष या दोघांनी पाचगणीच्या पठारावर थंडीत कुडकुडत ते अख्खं ग्रहण टिपलं होतं. बाई दुर्बिणीवर, शिरीष आकडे लिहायला. अंधाराला सरावलेले डोळे पांढऱ्या उजेडाने बिघडतात, म्हणून टॉर्चला लाल जिलेटीनचा कागद बांधलेला. तरी हा मास्तर नेमका बायकोच्या डोळ्यांवर टॉर्च मारायचा. "शिरीष, टॉर्च खाली धर!" हे वाक्य बाईंनी त्या थंडीत इतक्या वेळा म्हटलं, की दुर्बिणीजवळ बांधलेलं कुत्रंसुद्धा ते ऐकून खाली बसायचं.

आकडेमोडही शिरीषनेच केली. तबकडी कडक आहे, तिचा आकार बदलत नाही, असं धरून त्याने उजेडाच्या चढउतारावरून तबकडीची लांबी-जाडी काढायची एक सुटसुटीत रीत बसवली. नऊ पानांचा लेख झाला, त्यावर दोघांची नावं. त्याआधीचे बाईंचे सात लेख कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते. हा मात्र जगभर गेला. ती रीत शेकडो ताऱ्यांना लावली गेली, बाईंचे पुढचे सगळे लेख त्या नऊ पानांवर उभे राहिले, समाधानची पीएच.डी.सुद्धा. शिरीषच्या नावावर आयुष्यात तेवढा एकच लेख. सहा वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा ऋतुजाने, म्हणजे त्यांच्या लेकीने, त्या लेखाचं पहिलं पान फ्रेम करून नाशिकच्या घरात बाबांच्या फोटोशेजारी लावलं.

त्या लेखाच्या हिशोबाने पुढचं ग्रहण लागायला अजून सव्वा वर्ष होतं. पण ऑक्टोबरातल्या एका पहाटे बाईंनी कॅमेऱ्यातला आकडा पाहिला आणि त्यांच्या हातातला चहा हातातच राहिला. माहेरवाशीण मंदावली होती. अगदी थोडी, पण मंदावली होती. बाईंनी दवाने भिंग धुरकटलंय का ते बघितलं, शेजारच्या दोन ताऱ्यांशी ताडून पाहिलं, पुढचा आठवडाभर रोज पहाटे तेच केलं. रोज ती आणखी थोडी उतरत होती.

"अगं बाई, यंदा इतक्या लवकर निघालीस?" त्या गच्चीवर एकट्याच म्हणाल्या.

याचा अर्थ सरळ होता. तबकडी कडक नव्हती. गेल्या तेवीस वर्षांत ती पसरली होती. आत काहीतरी, कदाचित नवे जन्मणारे ग्रह, धूळ ढवळून बाहेर ढकलत असणार. आणि ते तपासायची वेळ हीच होती. सुरुवातीचे तीन-चार आठवडे तबकडीची विरळ कड ताऱ्यापुढून जाते. ताऱ्याचा उजेड त्या धुळीतून गाळून येतो, आणि मोठ्या दुर्बिणीने त्याचा वर्णपट घेतला की आत काय शिजतंय ते कळतं. नंतर जाड भाग पुढे येतो, मग त्यातून काहीच गाळून येत नाही. पुन्हा अशी संधी तेवीस वर्षांनी. बाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. पुढच्या वेळी त्या नसणार, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

त्यांनी लडाखमधल्या मोठ्या दुर्बिणीचे दोन तास मागितले. चार दिवसांत नकार आला. खाली परीक्षकाचा शेरा होता: 'प्रस्थापित कालावधीशी हे निरीक्षण जुळत नाही. एका व्यक्तीने एका दुर्बिणीतून पाहिलेले ते निरीक्षण नव्हे, ती आठवण होय.'

बाईंनी तो शेरा दोनदा वाचला, चपला घातल्या आणि रिक्षा करून तडक संस्थेत गेल्या.

"समाधान, हा शेरा कुणाचा?"

"मॅडम, परीक्षकाचं नाव गुप्त असतं. तुम्हीच शिकवलंय."

"मीच शिकवलंय म्हणून विचारतेय. हे आठवणीचं वाक्य माझं आहे. तुझ्या पहिल्या लेखावर मीच मारलं होतं."

"माहितीय की. दोन दिवस जेवलो नव्हतो मी." समाधानने दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "आता तुम्हीच बघा. ज्या ताऱ्याचा अर्ज, त्या ताऱ्यावर ज्याच्या नावाचे संदर्भ सगळ्यात जास्त, त्याच्याकडे तो तपासायला जातो. या ताऱ्यावर सगळ्यात जास्त संदर्भ कुणाचे?"

बाई खुर्चीत बसल्या. "म्हणजे माझा अर्ज मीच नाकारला?"

"तुम्ही नाही, प्रतिलेखकाने. कायद्याने तो वेगळा आहे."

"अरे वा रे वा! प्रभावांक मोजायचा तेव्हा ती मी, आणि अर्ज तपासायचा तेव्हा ती परकी?"

हा नियम कोणी केला हे दोघांनाही ठाऊक होतं. दुर्बिणींचा वेळ वशिल्याने वाटला जाऊ नये म्हणून नेमलेल्या समितीच्या अध्यक्ष वैजयंतीबाईच होत्या. टाळ्या वाजल्या होत्या त्या दिवशी.

"तुझा संचालकाचा राखीव वेळ असतो ना? त्यातले दोन तास दे मला."

"तज्ज्ञाने नाकारलेल्या अर्जाला मी वेळ दिला तर आपला अंक धाडकन खाली येतो, मॅडम. वरच्या मजल्यावर पोरं बसलीयत, सगळी कंत्राटावर. मार्चमध्ये त्यांचं काय सांगू?"

"मग तिला बंद कर."

"करार बेमुदत आहे. तुम्ही सही केलीय."

"माझ्या एका हातात नारळ होता रे!" बाई ओरडल्या, आणि बाहेरच्या टेबलावरची मुलगी दचकून आत बघायला लागली.

संस्थेच्या तळमजल्यावर सवतीशी बोलायची सोय होती. बाई तिथेही गेल्या. तासभर वाद घातला. यंत्र अदबीने बोलत होतं, चुकूनही चिडत नव्हतं, आणि प्रत्येक मुद्द्याला बाईंच्याच कुठल्या तरी लेखातला दाखला देत होतं. 'आपल्या तळमळीचा आदर आहे. तथापि पुरावा अपुरा आहे.' हे 'तथापि' वाचून बाईंना कानकोंडं झालं. आपण माणसांशी असं बोलायचो? मग त्यांच्या ध्यानात आलं, की या यंत्राला सगळं दिलं होतं, फक्त त्यांच्या शंका दिल्या नव्हत्या. कारण शंका त्यांनी कधी छापल्याच नव्हत्या. त्या शिरीषजवळ बोलून व्हायच्या, आणि मग सकाळी त्या ठाम होऊन कामाला लागायच्या. यंत्राला फक्त सकाळची बाई ठाऊक होती.

एक छोटं टिपण त्यांनी परदेशी नियतकालिकाकडे पाठवलं. ते एका मिनिटात परत आलं. सोबत सूचना: 'सदर मजकूर वैजयंती देशमाने यांच्या ज्ञात लेखनाशी जुळत नाही. दुसऱ्याच्या नावे लेख पाठवणे हा गुन्हा आहे.' चिलीमधल्या एका जुन्या मित्राला फोन केला, तर तो ओशाळून म्हणाला की तिकडेही तीच पद्धत आहे, आणि त्यांच्या यंत्रणेने मत विचारलं तर ते वैजयंती देशमान्यांनाच विचारलं जाईल. बाईंनी फोन ठेवला आणि खूप दिवसांनी त्यांना रडू आलं. जगात जिथे जावं तिथे दारात आपणच उभ्या, आणि आपल्यालाच आत सोडत नाही! रोज पहाटे माहेरवाशीण आणखी थोडी मंदावत होती.

वाट त्यांना सापडली ती शेंगा सोलताना. सापडली म्हणण्यापेक्षा, ती त्यांना आधीपासून माहीत होती आणि त्या तिच्याकडे बघायचं टाळत होत्या. लेखाचं गृहीतच चुकलं असेल तर लेखक आपला लेख मागे घेऊ शकतो. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. मूळ लेख गेला की त्याच्या आधाराने उभे असलेले सगळे लेख तपासणीत जातात, आणि तपासणी होईपर्यंत त्यांचे संदर्भ शून्य धरले जातात. म्हणजे ती नऊ पानं मागे घेतली, की सवतीच्या पायाखालची जमीन जाणार. ती तज्ज्ञ उरणार नाही.

बाईंची स्वतःची पुंजीही जाणार होती. उरणार होते ते सुरुवातीचे सात लेख, ज्यांचा आधार कोणी कधीच घेतला नव्हता. ज्याच्या नावावर एकही संदर्भ नाही तो 'नवोदित', आणि नवोदिताला मोठ्या दुर्बिणीचे दोन तास, तज्ज्ञाला न विचारता, एकदा मिळतात. हाही त्याच समितीचा नियम. त्यात वयाची अट घालायचा कुणाचा तरी विचार होता. संसारातून उशिरा परतणाऱ्या बायकांचं काय, असं विचारून बाईंनी ती काढायला लावली होती.

लेख मागे घेणं खोटेपणाचं नव्हतं. तबकडी कडक नव्हती, म्हणजे लेख चुकला होता. अडत होतं ते एकाच ठिकाणी. लेखावर दोन नावं होती. संध्याकाळी त्यांनी ऋतुजाला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"बाबांनी चूक केली होती?" ऋतुजाने विचारलं.

"नाही गं. तेव्हा जे दिसत होतं त्यावरून ते बरोबरच होतं. तबकडी नंतर बदलली."

"मग तिथे काय लिहून येणार?"

"सदोष."

"का? तूच म्हणतेस ना बरोबर होतं?"

"त्या यंत्रणेत दोनच रकाने आहेत, बाळा. ग्राह्य आणि सदोष."

"आई, तुझे शेकडो लेख आहेत. बाबांचा हा एकच आहे. कियान त्याच्या मित्रांना भिंतीवरचं पान दाखवतो, आजोबांनी ताऱ्याचं गणित केलं म्हणून सांगतो. दोन तासांच्या दुर्बिणीसाठी तू बाबांना पुसून टाकणार?"

"अगं, बाबा असते तर त्यांनीच आधी..."

"पण ते नाहीयेत ना!" ऋतुजा म्हणाली आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी समाधान घरी आला. त्याला कुणकुण लागली होती. त्याने आणलेली बार्शीची शेंगाचटणी ओट्यावर ठेवली आणि स्टुलावर बसला. "माझी पीएच.डी.पण तपासणीत जाणार ना?"

"जाणार. आणि वरच्या पोरांचं मार्चमध्ये काय होईल, मला माहीत नाही. मला झोप येत नाहीये, समाधान."

"आणि ती खरंच मंदावलीय?"

"गच्चीवर ये पहाटे. स्वतः बघ."

तो आला. थंडीत मफलर गुंडाळून त्याने अर्धा तास दुर्बिणीला डोळा लावला, आकडे पाहिले, आणि जिना उतरताना म्हणाला, "मॅडम, तुम्ही मला काही विचारू नका. विचारलंत तर संचालक म्हणून मला नाहीच म्हणावं लागेल."

बाईंनी त्याला विचारलं नाही. सकाळी अंघोळ करून, शिरीषच्या फोटोसमोर जरा वेळ बसून, त्यांनी लेख मागे घेतला. "चुकलं तर ओरड रे," एवढंच त्याला म्हणाल्या. पडद्यावरचे आकडे उतरायला लागले. आधी सवतीचे लेख गेले आणि ती बंद पडली, मग बाईंचे स्वतःचे गेले, मग जगभरच्या अनोळखी लोकांच्या नावापुढे 'तपासणीत' असं येत गेलं. दुधाची पिशवी फोडून दूध तापेपर्यंत वैजयंती देशमाने यांच्या नावावर सात लेख आणि शून्य संदर्भ उरले. त्यांच्या जुन्या लेखाखाली, शिरीषच्या नावाशेजारी, लाल अक्षरात 'सदोष' आलं होतं. ते बघवेना म्हणून त्यांनी ती खिडकी मिटली आणि नवोदिताचा अर्ज उघडला. त्यात एक प्रश्न होता: 'अर्जदार अज्ञान असल्यास पालकांची संमती जोडावी.' बाईंना इतकं हसू आलं, की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते पाणी नंतर बराच वेळ थांबेना.

दोन तास मिळाले. लडाखमधली दुर्बीण वळली तेव्हा बाई संस्थेच्या नियंत्रणकक्षात बसल्या होत्या, शेजारी समाधान, आणि मागे वरच्या मजल्यावरची ती कंत्राटी पोरं. नोकरी जाणार म्हणून हिरमुसलेली, पण बघायला आलेली. वर्णपट हळूहळू पडद्यावर उमटत गेला. कड एकसंध नव्हती. धुळीत स्वच्छ झाडून काढल्यासारखा एक पट्टा होता, आणि त्याच्या पलीकडे पुन्हा धूळ. तो पट्टा झाडणारं कोणीतरी आत फिरत होतं.

"मॅडम, ग्रह..." समाधान खुर्चीतून अर्धा उठला.

"घाई करू नकोस," बाई म्हणाल्या. "लिही, बहुधा." त्यांचा उजवा हात आपोआप बाजूला गेला होता, टॉर्च खाली करायला. तिथे कोणी नव्हतं.

लेख अकरा पानांचा झाला. मागे घेतलेल्या लेखाचा संदर्भ देता येत नाही, तसा नियम आहे. त्यामुळे संदर्भांच्या लांबलचक यादीत शिरीषचं नाव कुठेच नव्हतं. बाईंनी पुष्कळ विचार केला आणि शेवटी आभाराच्या जागी, सगळा लेख इंग्रजीत असताना, देवनागरीत एक ओळ लिहिली: 'शिरीष, टॉर्च खाली धर.' आभारात लिहिलेलं कुठलंच यंत्र मोजत नाही. ती जागा तेवढी आपली आहे, असं त्यांनी मनाशी धरलं.

लेखाने खळबळ उडवली. जगातल्या यच्चयावत दुर्बिणी माहेरवाशिणीकडे वळल्या. संस्थेचा अंक मार्चच्या आत वर आला आणि पोरांच्या नोकऱ्या वाचल्या. शिरीषच्या लेखापुढचं 'सदोष' मात्र तसंच राहिलं. ऋतुजाने फोन केला नाही. ती दिवाळी बाईंनी साताऱ्यातच केली, एकटीने, चकल्या न करता. संक्रांतीला नाशिकला तिळगूळ पाठवला, त्याचीही पोच आली नाही.

एप्रिलमध्ये समाधानचा फोन आला. आवाज पडलेला. "मॅडम, बोर्डाने प्रतिलेखक परत सुरू केलाय. महिना झाला. मला तुम्हाला सांगायचं धाडस होईना."

"करार बेमुदत आहे," बाई म्हणाल्या. "माहितीय मला."

"जुने लेख तपासणीत आहेत ना, आणि पहिल्या सातांना एकही संदर्भ नाही, म्हणून त्याला तुमच्या नव्या लेखावर शिकवलंय."

"एकाच लेखावर?"

"त्याला पुरतो म्हणतात."

बाईंनी फोन ठेवला. त्या गच्चीवर जाऊन कढीपत्त्याची वाळलेली पानं काढत बसल्या. दुपारी फोन पुन्हा वाजला. ऋतुजा होती, आणि ती रडत होती.

"आई, माझं चुकलं गं. मी किती वाईट वागले तुझ्याशी."

"काय झालं? कियान बरा आहे ना?"

"सगळे बरे आहेत. आज पहिल्यांदाच तुझं पान उघडलं मी. महिन्याभरातले सगळे लेख बघितले. मला त्यातलं काही कळत नाही, पण प्रत्येकाच्या शेवटी बाबा आहेत. प्रत्येकाच्या! मला वाटलं होतं तू त्यांना पुसून टाकलंस."

बाईंनी हाताची माती पदराला पुसली आणि टॅबलेट उघडला. पहिला लेख दक्षिणेकडच्या कुठल्याशा ताऱ्यावर होता, साताऱ्यातून कधी दिसतसुद्धा नाही असा. त्यांनी तो शेवटापर्यंत सरकवला. 'शिरीष, टॉर्च खाली धर.' दुसरा उघडला. 'शिरीष, टॉर्च खाली धर.' तिसरा दीर्घिकांवर होता, त्यातही तेच. यंत्राला एकच लेख मिळाला होता, आणि त्यावरून ते एवढं शिकलं होतं, की ही बाई लेख असा संपवते. शिरीष कोण, टॉर्च कसली, पठारावर थंडी किती होती, यातलं त्याला काहीही माहीत नव्हतं. आपली म्हणून ठेवलेली एवढीशी जागा, तीही गेली. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मी आत्ता कियानला वाचून दाखवलं," ऋतुजा सांगत होती. "फ्रेम काढून ठेवली होती मी रागाने. ती परत लावली. तू लिहिलंस ना हे, आई?"

खरं काय ते बाईंच्या अगदी ओठांवर आलं. उभ्या जन्मात त्यांनी कुणाचं चुकीचं वाक्य तसंच जाऊ दिलं नव्हतं.

"आई? ऐकतेयस ना?"

"हो गं," बाई म्हणाल्या. "मीच लिहिलं."

पलीकडे ऋतुजा नाक ओढत हसली आणि कियानला हाका मारायला लागली, आजीशी बोल म्हणून. बाईंनी फोन कानाशी तसाच धरून ठेवला, आणि समोरच्या पानावर आपल्या नावापुढची ती बारीक 'प्र' अंगठ्याखाली झाकली.